सोललेली पेटी

विल्मर हेप्लरच्या दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, एक केस उगवत नाही. कातडी गुलाबी, तुकतुकीत, तान्ह्या पोराची असावी तशी. आणि वर बहात्तर वर्षांचा सुरकुतलेला चेहरा. नवखा माणूस हात मिळवताना दचकतो. आमच्या महान्टोंगो खोऱ्यातलं कुणी दचकत नाही. ते हात कशानं भाजले हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर भाजायला लागणारं सामान निम्म्या खोऱ्यानं आपापल्या घरातून पुरवलंय.

त्याचं असं झालं. एकोणीसशे अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या शहाण्या लोकांना एक खूळ लागलं. घरात जुनं लाकडी सामान हवं, पण त्यावरचा रंग नको. पाइनचं लाकूड कसं उघडं, मधाच्या रंगाचं दिसलं पाहिजे! झालं. विल्मर तेव्हा चाळीस एकरांवर गाई पाळून होता आणि दुधात काही राम उरला नव्हता. त्यानं गोठ्यामागं सहा फूट लांबीचा सिमेंटचा हौद बांधला. हौदात कढत पाणी आणि कॉस्टिक सोडा. सामान साखळीनं आत सोडायचं, वीस मिनिटं बुडू द्यायचं, वर काढून नळीनं धुवायचं. दीडशे वर्षांचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून यायचा आणि वाहत वाहत ओढ्याला मिळायचा.

आणि कुठला रंग होता तो? आमच्या खापरपणज्यांच्या लग्नाच्या पेट्यांचा. गर्द हिरव्या पेट्या, त्यावर लाल-पिवळे पक्षी, चांदण्या, पाकळ्या, पंख पसरलेले देवदूत. पोर चौदा-पंधराची झाली की बाप सुताराकडून तिची पेटी करवून घ्यायचा, पुढच्या फळीवर तिचं नाव आणि साल रंगवून घ्यायचा, आणि आई त्यात एकेक करून चादरी, टॉवेल, पांघरुणं साठवत जायची. त्या पेट्या आम्ही रांग लावून विल्मरच्या हौदापाशी नेल्या. पाद्रीबाबांनीसुद्धा चर्चचं कपाट पाठवलं! सगळे म्हणायचे, काय झकास साफ करतो विल्मर, एक ठिपका ठेवत नाही. तोही खूश. बायकोला, फर्नला, त्यानं त्या पैशांत कपडे धुवायचं यंत्र घेऊन दिलं.

एकाहत्तरच्या मे महिन्यात लिओना रेबक आपल्या बटाट्याच्या ट्रकमधून एक पेटी घेऊन आली. लिओना तेव्हा पंचावन्न वर्षांची, नवरा नुकताच गेलेला, शेत एकटीनं हाकणारी, आवाज असा की ओढ्यापलीकडचा कुत्रा उठून बसावा. तिच्या लेकीचं, डॉरिसचं, शहरातल्या मुलाशी लग्न ठरलं होतं.

"घे रे बाबा, बुडव," लिओना म्हणाली. "आमची राणीसाहेब म्हणते, ही पेटी घरात ठेवली तर लोकांना वाटेल सर्कस आलीय."

विल्मरनं पेटीभोवती एक फेरी मारली. "वर कायतरी लिहिलंय, मावशी."

"असेल. जुन्या जर्मन भाषेत असेल. तुला येतं वाचायला?"

"मला कुठलं यायला!"

"मग? मलाही येत नाही."

आता हे ऐकून कुणाला नवल वाटेल, कारण ही दोघं त्या घडीला बोलत होती तीच मुळी पूर्वजांनी जर्मनीहून आणलेली जर्मन बोली. आमच्या खोऱ्यात ती बोली गाईला, देवाला आणि बायकोला सगळ्यांना समजते. पण बोलायला येणं वेगळं आणि ती काट्याकुट्यांची जुनी अक्षरं वाचणं वेगळं. शाळेत इंग्रजी, जर्मन शब्द तोंडातून निघाला की मास्तरांची छडी. तेव्हा नाव समोर, भाषा तोंडात, आणि दोघंही ठोंब्यासारखी उभी. विल्मरनं साखळी लावली.

पेटी आत जाताना मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेत राहिली. सोड्याचा पिवळा फेस वर चढत होता, आणि फेस चढायच्या आत क्षणभर दोन पक्षी दिसले, एकमेकांकडे तोंड केलेले, आणि त्यांच्यामध्ये अक्षरांचा एक पट्टा. मग फेस. विल्मर जेवायला गेला. फर्ननं त्या दिवशी हॅम आणि घेवड्याचं सूप केलं होतं, तो दोनदा वाढून घेत बसला, आणि परत येईतो पेटीचा मागचा डावा पाय सुटून हौदाच्या तळाशी गेलेला. मग घाईघाईनं नवा पाय ठोकला. पाइनचा तुकडा हाताशी नव्हता म्हणून अक्रोडाचा ठोकला. लिओनाच्या लक्षातही आलं नाही. तिनं मजुरीवर आंबटगोड लोणच्याची एक बरणी दिली, आणि डॉरिस आपली उघडी, मधाळ पेटी घेऊन शहरात गेली. पुढं तिचं लग्न मोडलं, ती पार पश्चिमेला निघून गेली, आणि पेटी कुणाच्या हाती लागली ते देवाला ठाऊक.

मग ब्याऐंशी साल आलं. खोऱ्याच्या टोकाला एका शेतावर घरातलं सगळं सामान लिलावाला निघालं होतं. अंगणात, ओल्या गवतावर, अशीच एक हिरवी पेटी मांडलेली, हौदातून वाचलेली. एक चांगला जाडजूड, कोटवाला माणूस आला, म्हणे कुठल्याशा संग्रहालयातला. त्यानं पेटी पाहिली आणि तो तिथंच, ओल्या गवतात, गुडघ्यांवर बसला. पंधरा मिनिटं उठला नाही. पँट भिजून काळी झाली तरी याला पत्ता नाही. विल्मर बाजूला सूप पीत उभा होता. त्याला आधी हसू आलं.

"हरवलं का काही?" विल्मरनं विचारलं.

"अहो, बघा तर!" तो माणूस कुजबुजत म्हणाला, चर्चमध्ये बोलावं तसा. "हा पक्षी बघा. एका दमात काढलाय. हात उचललेला नाही. कुणा शेतकऱ्यानं, हिवाळ्यात, दिव्याच्या उजेडात, कुणाच्या तरी पोरीसाठी. अख्ख्या जगात असं दुसरीकडे कुठं नाही. फक्त तुमच्या या एवढ्याशा खोऱ्यात. किती उरल्या असतील हो?"

विल्मरही मग वाकला. जन्मभर ज्या गोष्टीवर बसून त्यानं बूट घातले होते, ती त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पक्ष्याच्या मानेचा बाक, पंखावर बोटानं उमटवलेले ठिपके, आणि एका ठिपक्यात, शपथ घेऊन सांगतो, रंगवणाऱ्याच्या बोटाची रेषसुद्धा. एवढं सुंदर काही आपल्या माणसांनी केलं असेल हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! पण किती उरल्या असतील याचं उत्तर खोऱ्यात फक्त त्यालाच देता आलं असतं.

घरी येऊन त्यानं हौद मातीनं बुजवला. फर्ननं तिथं रूबार्बची आंबट भाजी लावली, ती कधी उगवली नाही.

त्यानंतर विल्मर गोळा करायला लागला. अख्ख्या पेट्या घ्यायची त्याची ऐपत नव्हती, त्या आता न्यूयॉर्कवाले नेत होते. तो घ्यायचा ते तुकडे. मोडलेल्या कपाटाचं एक दार. पेटी गेली आणि झाकण उरलं, तर ते झाकण. रंगाचा पापुद्रा चिकटलेली बिजागरी. कुणा फिरस्त्या भटक्यानं भाकरीच्या बदल्यात कोरून दिलेला लाकडी पोपट, चोच तुटलेला. बाप्तिस्म्याचे जुने रंगीत कागद, कडेनं उंदरांनी खाल्लेले. धान्याची खोली भरली, मग माळा भरला, मग दिवाणखाना.

"अरे विल्मर, लोक अख्खी वस्तू आणतात, तू तिचं बोट आणतोस, नाक आणतोस," फर्न म्हणायची. "हे घर आहे की हाडवैद्याचा दवाखाना?"

"राहू दे गं."

"राहू दे नाही तर काय करते? झोपायला तेवढी जागा ठेव म्हणजे झालं."

बाप्तिस्म्याच्या कागदांवर तीच काट्याकुट्यांची अक्षरं होती. विल्मर दोन हिवाळे भिंग घेऊन त्यांच्यापुढं बसला. हा 'र', हा 'ग', हा लांब शेपटीचा 'स'. पन्नाशी उलटलेला गडी, पहिलीतल्या पोरासारखा ओठ हलवत वाचायला शिकला.

पण एक प्रश्न त्याला दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर गाठायचा. लिओना रेबक थांबलेली असायची.

"काय रे विल्मर, आठवलं काही?"

"नाही हो, मावशी."

"बरं. आठवलं तर सांग."

बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पेटी लिओनाच्या आजीच्या आजीची होती, आईकडून लेकीकडे अशी आलेली. लिओना सहा वर्षांची असताना आजीनं तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं होतं आणि नाव सांगितलं होतं. पोरगी ती, ऐकलं आणि विसरली. आता दफनभूमीत त्या बाईच्या थडग्याच्या दगडावरची अक्षरं पावसानं धुऊन गेलेली, चर्चच्या वहीची ती पानं गळालेली, आणि नाव होतं ते फक्त पेटीवर, शेवटचं विल्मरनं पाहिलेलं. दर मे महिन्यात लिओना सगळ्या थडग्यांवर फुलं ठेवायची. "तिच्या दगडावरही ठेवते रे," ती एकदा विल्मरला म्हणाली. "पण कुणाला म्हणून ठेवू? 'अगं बाई' म्हणू?" त्या रात्री विल्मर जेवला नाही.

ती पेटी तेहतीस वर्षांनी सापडली, तीही आमच्याच फायर कंपनीच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या, हॉलमध्ये. दोन हजार चारच्या सप्टेंबरातला लिलाव, कोंबडी-मक्याच्या सुपाचा वास दरवळतोय, आणि भिंतीशी एक उघडीबोडकी पेटी, तिच्यावर कुणीतरी आपली टोपी ठेवलेली. विल्मर पुढं गेला असता. पण त्याची सवय, तो आधी खाली बघतो. मागचा डावा पाय अक्रोडाचा होता.

लिलाव पुकारणारा रस क्लिंगर जुना खवचट. "आता ही एक सोललेली," तो ओरडला. आमच्याकडे व्यापारी अशा पेट्यांना सोललेलीच म्हणतात, सशाला म्हणावं तसं. "कोळसे ठेवायला घ्या, कुत्रं झोपवायला घ्या! अरे, विल्मर? तू हात वर केलास? तू तर रंगाचा पुजारी ना रे!"

हॉलभर हशा पिकला.

"सोलली कुणी ते तरी विचार," विल्मर म्हणाला. "मीच ती."

दुसऱ्या कुणी बोली लावली नाही.

घरी आणून त्यानं पेटी गोठ्यात ठेवली आणि मग त्याचा धीर सुटला. पेटी मिळाली, पण नाव? त्यानं पुढच्या फळीवर दिवा धरून पाहिला, भिंग लावून पाहिलं. उघडं, लव उठलेलं लाकूड. कुठं बिजागरीखाली हिरवा कण, बाकी काही नाही. आपलं काम त्यानं चोख केलं होतं! लिओना आता अठ्ठ्याऐंशीची, चर्चपेक्षाही शांत अशा एका वृद्धाश्रमात पडलेली, डोळ्यांतला उजेड गेलेला. कोऱ्या फळीपुढं तिला कुठल्या तोंडानं न्यायचं? तीन आठवडे त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. फर्ननंसुद्धा विचारलं नाही, म्हणजे बघा.

ऑक्टोबरातली दुपार कलत होती. विल्मर गोठ्यात कसलीशी दोरी शोधायला गेला आणि उजेड हवा म्हणून त्यानं पश्चिमेचं मोठं दार ढकललं. सूर्य डोंगराच्या कडेला टेकलेला. ऊन आडवं, जमिनीला घासत आत आलं आणि पेटीच्या पुढच्या फळीवरून, तिला जेमतेम शिवत, सरकलं.

फळीवर पक्षी होते.

विल्मर जागचा हलला नाही. आपण हललो तर ते उडतील असं त्याला खरोखर वाटलं. दोन पक्षी, एकमेकांकडे तोंड केलेले. कंपासच्या टोकानं कोरलेली चांदणी, तिच्या पाकळ्या सहा. मानेचा बाक, पंखावरचे ठिपके. रंग नव्हता, कणभर नव्हता, नुसती सावली होती. जिथं रंग जाड होता तिथलं लाकूड एकशे चाळीस वर्षं झाकलेलं राहिलं होतं. आजूबाजूचं हातांनी, फडक्यांनी, येता-जाता घासणाऱ्या झग्यांनी झिजलं होतं. चित्र केसभर उंच उरलं होतं. त्याचा हौद रंग घेऊन गेला, पण हे त्याला नेता आलं नव्हतं. तेहतीस वर्षं ते तिथंच होतं, टोपीखाली, कोळशाखाली, कुणीतरी आडव्या उजेडात बघेल म्हणून.

आणि मधोमध, अक्षरांचा पट्टा.

"फर्न!" तो ओरडला. "फर्न, आरसा आण! तुझा छोटा आरसा! पळ!"

"आता दाढी करतोस का गोठ्यात?" म्हणत ती आरसा घेऊन आली, आणि दारातच उभी राहिली. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा, विल्मर."

ऊन उतरत होतं. फर्ननं दाराशी उभं राहून आरशानं ते फळीवर वळवलं, विल्मर गुडघ्यांवर बसला, त्या कोटवाल्या माणसासारखाच, आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचत गेला. डोळे पुसायला त्याला दोनदा थांबावं लागलं. सूर्य बुडाला तेव्हा त्याचं वाचून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पिकअपमध्ये घालून तो वृद्धाश्रमात गेला. तिथल्या दोन नर्सांनी हात लावला, पेटी लिओनाच्या खुर्चीपुढं ठेवली आणि त्या गेल्या.

"कोण आहे?"

"विल्मर हेप्लर, मावशी."

"आज रविवार नाही."

"नाही. पण आठवलं."

लिओनानं मान वर केली. विल्मर पेटीशेजारी जमिनीवर बसला, तिचा हात धरला आणि मधलं बोट पट्ट्याच्या सुरुवातीला टेकवलं.

"हा 'र'. इथून वर, मग खाली, मग पाय पुढं. लागतोय?"

"थांब जरा." बोट मागं गेलं, परत आलं. "लागतोय."

"हा 'ए'. हा 'ग'. रे-गि-ना."

"रेगिना," लिओना म्हणाली. मग परत, आवाज न करता. मग मोठ्यानं, बटाट्याच्या ट्रकमधून हाक मारायची तशी: "रेगिना!" बाहेरची नर्स डोकावून गेली.

"पुढं आहे अजून. ब्राउनिन. अठराशे एकतीस."

"ब्राउनिन? आमच्यात ब्राउनिन कुणी नाही. ब्राउन आहेत, डोंगरापलीकडचे."

"तेच ते. बाईमाणूस म्हणून तेव्हा 'इन' लावायचे. ब्राउनची मुलगी, ब्राउनिन."

"रेगिना ब्राउनिन." लिओनाचे आंधळे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. तिचा हात मग स्वतःच सरकला, पट्ट्यावरून डावीकडच्या पक्ष्यावर, पंखावरून मानेवर, मानेवरून डोक्यावर. तिथं बोट एका खळग्यात अडकलं.

"तो डोळा गेलाय, मावशी," विल्मर घाईनं म्हणाला. "माझ्या सोड्यानं खाल्ला असणार. चूक माझीच..."

"गप रे! तुझ्या सोड्याचं काय घेऊन बसलास? हा मी खाल्लाय! नखानं टोकरून काढला होता, सहा वर्षांची असताना. आईनं असा धपाटा घातला होता!" ती खदखदून हसली, आणि मग तिनं विल्मरचा हात चाचपला. "किती गुळगुळीत रे तुझा हात."

"सोड्यानं."

"म्हणजे तूही सोललेलाच की."

विल्मरला हसावं की रडावं कळेना. त्याच भरात, मनात कधीपासून घोळत होतं ते तो बोलून गेला. "मावशी, डोंगराखाली एकजण आहे, जुन्या पद्धतीनं रंगवतो. आता सगळी नक्षी कळलीय. होती तशी करून देतो. हिरवी, लाल, पिवळी. पैसे माझे."

लिओनानं पक्ष्यावरचा हात काढला नाही.

"रंग होता तेव्हा मला डोळे होते," ती म्हणाली. "तेव्हा एकदा धड बघितलं नाही. आणि आता तू रंग चढवशील, आणि हे सगळं खाली जाईल. मग माझ्या बोटाला काय लागणार?"

विल्मरनं तिच्या बोटाखालच्या पंखाकडे पाहिलं.

"नको रे बाबा. एकदा बुडवलीस तेवढी पुरे." तिनं आपलं बोट परत त्याच्या पुढं केलं. "चल, पुन्हा सांग. 'र' पासून."

त्यानं ते बोट आपल्या बिनकेसांच्या हातात घेतलं आणि पट्ट्याच्या सुरुवातीला नेऊन टेकवलं.